बेळगाव-खानापूरच्या मातीतून फाज शोधताना

जिवाणूंना संसर्ग करून त्यांना फोडणारे विषाणू म्हणजे बॅक्टेरिओफाज, रोजच्या बोलण्यात नुसते फाज. फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि फेलिक्स द'हेरेल यांनी १९१७ मध्ये त्यांचे वर्णन केले. ते शोधण्याची मूळ रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. माती धुवायची, ते पाणी बारीक गाळायचे, जिवाणूंवर टाकायचे आणि जिवाणू कुठे मेले ते बघायचे. सामान मोजकेच लागते आणि एका सेमिस्टरमध्ये काम उरकते. तरीही प्रकल्प दोन ठिकाणी हमखास फसतात. खानापूरची तांबडी माती आणि चिकोडी-अथणीची काळी माती एकाच पद्धतीने धुतली जाते, हे एक. प्लेटवर पहिला ठिपका दिसला की फाज सापडला असे धरले जाते, हे दुसरे. या लेखात भर आहे तो याच दोन गोष्टींवर.

यजमान जिवाणू आधी ठरवा

'मातीतला फाज' असे शोधता येत नाही. अमुक जिवाणूवर वाढणारा फाज असेच शोधावे लागते. शिकण्यासाठी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा उत्तम यजमान आहे, त्यातही एमसी-स्क्वेअर १५५ हा वाण. तो क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातला असला तरी धडधाकट माणसाला त्याच्यापासून सहसा आजार होत नाही. त्याच्यावर वाढणाऱ्या हजारो फाजांची माहिती खुली असल्यामुळे आपला फाज कोणाच्या जवळचा हे लगेच ताडून पाहता येते. जिवाणू अधिकृत संग्रहातूनच मागवा: चंदीगडचे एमटीसीसी किंवा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले एनसीआयएम. शेजारच्या कॉलेजातून आणलेल्या प्लेटवर नेमके काय वाढते आहे, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

द्रव माध्यम मिडलब्रूक ७एच९ घ्या. ९०० मिली डिस्टिल्ड पाण्यात ४.७ ग्रॅम पावडर आणि २ मिली ग्लिसरॉल घालून ऑटोक्लेव्ह करा. थंड झाल्यावर १०० मिली अल्ब्युमिन-डेक्स्ट्रोज पूरक मिसळा. या १०० मिलीमध्ये ५ ग्रॅम अल्ब्युमिन, २ ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि ०.८५ ग्रॅम मीठ असते. हे पूरक ऑटोक्लेव्हमध्ये घालायचे नाही, कारण अल्ब्युमिन गोठते. ते ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळूनच निर्जंतुक करायचे. कॅल्शियम क्लोराइड सर्वांत शेवटी आणि माध्यम थंड असतानाच घाला: १०० मिलिमोलर द्रावणाचे १० मिली प्रति लिटर, म्हणजे अंतिम प्रमाण १ मिलिमोलर. गरम माध्यमात घातले तर फॉस्फेटशी जुळून पांढरा साका बसतो आणि फाजाला चिकटण्यासाठी लागणारे कॅल्शियम तळाशी जाते. बोअरचे पाणी कुठेच वापरू नका. त्यात किती कॅल्शियम आहे हे दर महिन्याला बदलते.

स्मेग्मॅटिसच्या पेशींवर मेणचट आवरण असते, त्यामुळे द्रवात त्यांच्या गुठळ्या होतात. गुठळ्या मोडायला ट्वीन ८० घालतात. नवशिक्यांची सगळ्यांत मोठी अडचण इथेच लपलेली असते, कारण ट्वीन फाजाला पेशीवर चिकटूच देत नाही. म्हणून वाढ दोन टप्प्यांत करा. पहिले विरजण ०.०५ टक्के ट्वीन घालून ३७ अंशांवर हलवत दोन-तीन दिवस दाट होऊ द्या. मग ते हजारपट पातळ करून ट्वीन नसलेल्या, कॅल्शियम असलेल्या माध्यमात लावा आणि ते दाट झाल्यावर संसर्गासाठी वापरा. या दुसऱ्या वाढीत थोड्या गुठळ्या होतीलच. फ्लास्क दहा मिनिटे स्थिर ठेवा आणि वरचा एकसारखा गढूळ भाग उचला.

मातीतले इतर जिवाणू आणि बुरशी रोखण्यासाठी सुरुवातीच्या फेऱ्यांत लिटरला ५० मिलिग्रॅम कार्बेनिसिलिन आणि १० मिलिग्रॅम सायक्लोहेक्सिमाइड घाला. स्मेग्मॅटिसकडे बीटा-लॅक्टमेज विकर असल्याने कार्बेनिसिलिनचा त्याला त्रास होत नाही. सायक्लोहेक्सिमाइड माणसालाही विषारी आहे, तेव्हा वजन करताना हातमोजे आणि मास्क हवेतच.

फाज बफर एक लिटरसाठी: १ मोलर ट्रिस (पीएच ७.५) १० मिली, १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट १० मिली, मीठ ४ ग्रॅम. ऑटोक्लेव्ह करून थंड झाल्यावर वरचेच कॅल्शियम द्रावण १० मिली.

माती कुठली, कधी आणि किती

ओलावा, सेंद्रिय खत आणि सावली जिथे आहे तिथे मायकोबॅक्टेरिया आणि त्यांचे फाज दोन्ही भरपूर असतात. परड्यातला उकिरडा, केळीचा बुंधा, गोठ्यामागची न्हाणीची मोरी, जुन्या झाडांखालचा कुजलेला पाला या पहिल्या पसंतीच्या जागा. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोसारख्या जुन्या झाडीच्या आवारात पाल्याचा असा थर असतो, पण सरकारी जागेतून माती उचलण्याआधी विचारून घ्या. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय मूठभर मातीही काढता येत नाही. कुजक्या भाजीलाही कमी लेखू नका. मायकोबॅक्टेरियम अबसेससच्या संसर्गाने गंभीर आजारी असलेल्या एका ब्रिटिश मुलीवर फाजांचे उपचार झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वापरलेल्या तीन फाजांपैकी 'मडी' हा दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये एका सडलेल्या वांग्यावर सापडला होता.

वरचा तापलेला थर बाजूला करा आणि ५ ते १५ सेंटिमीटर खोलीवरची माती घ्या. ऊन आणि कोरडेपणा फाजांना मारतो. जून ते नोव्हेंबर हा काळ चांगला. एप्रिल-मेमध्ये उघड्या शिवारातली माती घेण्यापेक्षा उकिरडा किंवा विहिरीकाठ बघा. नुकतीच फवारणी झालेले पीक, चुना किंवा ब्लीचिंग पावडर टाकलेली जागा टाळा. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीतली माती घ्यायला हरकत नाही, फक्त ती धुताना द्रव जास्त घ्या, म्हणजे मिठाचे प्रमाण खाली येईल.

५० मिलीच्या निर्जंतुक नळीत साधारण २५ ग्रॅम माती पुरते. नळीवर पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई अल्कोहोलने पुसली जाते. तारीख, वेळ, खोली, मातीचे तापमान, पीक, शेवटची फवारणी आणि जीपीएसचे अक्षांश-रेखांश नोंदवा. इकडे एकाच गावाचे नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबू नका. शेतजमीन असेल तर आरटीसी उताऱ्यावरचा सर्व्हे नंबरही लिहून ठेवा. नळी ४ अंशांवर ठेवा. गोठवू नका, वाळवू नका आणि दुपारी बंद गाडीत विसरू नका.

पावसाळ्यात भातखाचरातली माती घेताना हातमोजे आणि गमबूट घाला. मेलिऑइडोसिस या गंभीर संसर्गाचा जंतू ओल्या मातीत राहतो आणि त्याचे रुग्ण किनारी कर्नाटकात आढळलेले आहेत. हातापायाला जखम असलेल्यांनी आणि मधुमेह असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

तांबडी वेगळी, काळी वेगळी

जांबोटी-कणकुंबीकडची जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते आणि तिच्यात लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरलेली असतात. या ऑक्साइडांवर धन विद्युतभार असतो, तर बहुतेक फाजांच्या पृष्ठभागावर साध्या पीएचला ऋण. फाज मातीच्या कणाला घट्ट धरून बसतो. नुसत्या बफरने अशी माती धुतली तर पाण्यात फारसे काही उतरत नाही आणि 'या मातीत फाज नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. उपाय सोपा आहे. धुण्याच्या बफरमध्ये १ टक्का बीफ एक्स्ट्रॅक्ट किंवा ट्रिप्टोन घाला आणि पीएच ९ च्या आसपास न्या. प्रथिने कणांवरच्या जागा अडवतात आणि वाढलेल्या पीएचमुळे पकड सैल होते. अर्धा तास हलवून गाळ बसवा आणि वरचा द्रव लगेच पीएच ७ ते ७.५ वर आणा. तो तसाच ९ वर रात्रभर राहिला तर फाजांचे नुकसान होते.

चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या काळ्या मातीची तऱ्हा निराळी. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. तुम्ही ओतलेल्या द्रवातला मोठा हिस्सा तीच धरून ठेवते आणि उरलेला गढूळ द्रव फिल्टर दोन-तीन मिलीतच बंद करतो. सिरिंज जोरात दाबली तर पडदा फाटतो, आणि ते डोळ्याला दिसत नाही. काळ्या मातीला द्रव दीडपट घ्या आणि दोनदा सेंट्रिफ्यूज करा (प्रत्येक वेळी २००० जी, १० मिनिटे). पहिल्यांदा ०.४५ आणि मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. फिल्टर पीईएस पडद्याचा घ्या. नायट्रोसेल्युलोज आणि नायलॉनवर प्रथिने चिकटतात, म्हणजे फाजही चिकटतात. सेंट्रिफ्यूज नसेल तर नळी फ्रीजमध्ये रात्रभर उभी ठेवा, वरचा द्रव व्हॉटमन १ नंबरच्या कागदातून गाळा आणि मग फिल्टर करा.

येळ्ळूर-वडगावच्या भातशिवारातली माती आणि कुजलेले शेणखत या दोन्ही टोकांच्या मध्ये येतात. त्यांना साधी रीत पुरते.

थेट शोध आणि वाढवून शोध

दोन्ही एकाच नमुन्यावर करा. थेट शोधात मातीचा गाळलेला द्रव सरळ यजमानावर टाकतात. त्यात प्लाक, म्हणजे फाजाने जिवाणू मारल्यामुळे पडलेले मोकळे ठिपके, कमी मिळतात, कित्येकदा एकही नाही, पण जे मिळतात ते मातीत खरोखर जसे होते तसे असतात. वाढवून शोधताना यश बरेच जास्त मिळते. मात्र जो फाज सर्वांत वेगाने वाढतो तोच बाकीच्यांना मागे टाकतो, विविधता हरवते.

वाढवण्यासाठी ५० मिलीच्या नळीत १५ मिलीच्या खुणेपर्यंत माती भरा आणि ३५ मिलीपर्यंत ट्वीन नसलेले ७एच९ ओता. एक-दोन तास हलवा, गाळ बसवा आणि वरचा द्रव ०.२२ मायक्रॉनमधून गाळून २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये घ्या. तांबडी माती असेल तर वर सांगितलेले प्रथिनांचे बफर वापरा आणि पीएच उतरवल्यावर त्यात तितकेच दुप्पट तीव्रतेचे ७एच९ मिसळा. फ्लास्कमध्ये २० ते २५ मिलीपेक्षा जास्त द्रव नको, कारण या जिवाणूला हवा भरपूर लागते. दाट यजमान ०.५ मिली घालून ३७ अंशांवर मिनिटाला २२० फेऱ्यांनी दोन ते पाच दिवस हलवा. खानापूरकडे पावसाळ्यात वीज जाते. शेकर बंद पडला तर फ्लास्क फेकू नका, वाढ मंदावते इतकेच. किती तास बंद होता ते लिहा आणि तेवढे तास पुढे वाढवा.

शेवटी १.५ मिली काढून जोरात सेंट्रिफ्यूज करा आणि वरचा भाग पुन्हा ०.२२ मधून गाळा. फाजाचे डोके साधारण ५० ते १०० नॅनोमीटरचे असते, फिल्टरची छिद्रे २२० नॅनोमीटरची. फाज पार होतो, जिवाणू अडकतो.

प्लाक परीक्षा

दहापट पातळ करण्याची मालिका बनवा. प्रत्येक नळीत ९० मायक्रोलिटर फाज बफर आणि मागच्या नळीतले १० मायक्रोलिटर. नळ्यांना ० ते ८ क्रमांक द्या. क्रमांक म्हणजेच एकावरची शून्ये: ४ नंबरची नळी दहा हजारपट पातळ. दर वेळी नवी टिप घ्या आणि चांगले मिसळा.

वेगळ्या नळ्यांत ०.५ मिली यजमान घेऊन प्रत्येकीत पातळ केलेला द्रव १० मायक्रोलिटर टाका आणि चिकटण्यासाठी दहा मिनिटे स्थिर ठेवा. मग ४.५ मिली टॉप आगर घालून बुडबुडे न होता फिरवा आणि एलबी आगरच्या प्लेटवर ओता. टॉप आगर म्हणजे कॅल्शियमसह ७एच९ मध्ये ०.३५ ते ०.४ टक्के आगर. तो ५५ अंशांच्या पाण्यात वितळलेला ठेवा, पण यजमानावर ओतताना ४५ च्या आसपास असू द्या. जास्त गरम असेल तर यजमान भाजतो, जास्त थंड असेल तर प्लेटवर डाळीएवढ्या गोळ्या दिसतात. सपाट टेबलावर १५ मिनिटे ठेवा, उलटा करा, ३७ अंशांवर २४ ते ४८ तास ठेवा. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात प्लेटच्या झाकणावर पाणी साठते आणि ते ओघळले की प्लाक एकमेकांत मिसळतात. म्हणून खालचा आगर एक दिवस आधी ओतून प्लेट ३७ अंशांवर रात्रभर उलट्या वाळवून घ्या.

तीन नियंत्रण प्लेट प्रत्येक वेळी लावा. यजमान आणि नुसते बफर: लॉन, म्हणजे प्लेटवर पसरलेला जिवाणूंचा थर, सलग यायला हवे. यजमानाशिवाय गाळलेला द्रव: काहीच उगवता कामा नये, उगवले तर फिल्टर फाटलेला आहे. माहीत असलेला फाज, मिळत असेल तर डी२९: प्लाक यायलाच हवेत. डी२९ हा १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मातीतून मिळालेला फाज आहे आणि मायकोबॅक्टेरियावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत तो बहुधा असतो. तिसऱ्या प्लेटवर प्लाक नसतील तर तुमच्या मातीबद्दल त्या दिवशी काहीच म्हणता येत नाही. आधी ट्वीन आणि कॅल्शियम तपासा.

ठिपका म्हणजे फाज नव्हे

लॉनमधल्या मोकळ्या जागेची कारणे अनेक असतात. प्लेट खिडकीसमोर तिरपी धरून भिंगातून बघा. बुडबुड्याची कड धारदार आणि गोल असते, तळाशी आगरमध्ये खळगा दिसतो, आणि पहिल्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत आकार बदलत नाही. प्लाकची कड किंचित विस्कटलेली असते, खळगा नसतो, आणि २४ ते ४८ तासांत तो बहुतेकदा वाढतो.

मातीतल्या जिवाणूंनी सोडलेली प्रतिजैविकेही लॉन मारतात. गाळलेल्या द्रवाचा थेंब टाकला की तिथे मोठा पारदर्शक डाग येतो, अगदी फाजासारखा. दोघांतला फरक दाखवते ती पातळ करण्याची मालिका. १ नंबरला पूर्ण डाग, २ नंबरला फिकट डाग, ३ नंबरला काहीच नाही, असे असेल तर ते रसायन आहे. फाज असेल तर एका टप्प्यावर डाग मोडून सुटे सुटे ठिपके मोजता येतात, कारण फाज हा कण आहे आणि कण अर्धा होत नाही. शेवटची कसोटी म्हणजे ठिपका उचलून नव्या लॉनवर लावणे. त्यातून पुन्हा ठिपके आले तर तो फाज.

शुद्धीकरण

सुटा, शेजाऱ्यांपासून निदान अर्धा सेंटिमीटर दूर असलेला एकच प्लाक निवडा. निर्जंतुक टिप मध्यावर हलकेच टेकवा, १०० मायक्रोलिटर बफरमध्ये हलवा, मालिका बनवा, पुन्हा प्लेट लावा. हे सलग तीन वेळा करा. तिसऱ्या प्लेटवर सगळे प्लाक आकाराने आणि पारदर्शकतेने सारखे असतील तर पुढे जा. दोन तऱ्हा दिसत असतील तर दोन्ही वेगवेगळ्या उचला आणि दोन स्वतंत्र वंश चालवा. एकाच तऱ्हेच्या शेजारी लहान-मोठे प्लाक दिसतात तेव्हा घाबरू नका. लॉनवर उशिरा सुरू झालेला प्लाक लहानच राहतो. लहान उचलून लावल्यावर पुन्हा मोठे-लहान मिसळ आले तर फाज एकच आहे. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणूनच तो गाळला जातो, आणि मग जनुकक्रम आल्यावर एका नळीत दोन फाज निघतात. तोवर पैसे खर्च झालेले असतात.

दर फेरीत व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि प्लेटचा फोटो पट्टीसकट काढा. गढूळ प्लाक म्हणजे आतले काही जिवाणू वाचले आहेत. त्यामुळे हा फाज जिवाणूच्या जनुकसंचात घर करणारा असू शकतो. मात्र गढूळपणा हा पुरावा नव्हे, संशय आहे.

एकाच खोलीत अनेक विद्यार्थी काम करतात तिथे दुसऱ्याचा फाज आपल्या प्लेटवर येणे नित्याचे. ७० टक्के अल्कोहोलने टेबल पुसले तरी फाज खात्रीने मरत नाहीत. घरगुती ब्लीच दहापट पातळ करून रोज ताजे बनवा, दहा मिनिटे ओले राहू द्या आणि मग पाण्याने पुसा. यजमानाचे माध्यम ओतण्याची जागा आणि फाज हाताळण्याची जागा वेगळी ठेवा आणि फिल्टर असलेल्या टिप वापरा.

भरपूर साठा आणि टायटर

मोजणीयोग्य प्लेट म्हणजे ३० ते ३०० प्लाक. समजा ५ नंबरच्या नळीतले १० मायक्रोलिटर टाकून ६४ प्लाक आले. १० मायक्रोलिटर म्हणजे मिलीचा शंभरावा भाग, म्हणून त्या नळीत मिलीला ६,४०० फाज. पाच शून्ये जोडली की मूळ द्रवात मिलीला ६४ कोटी. हाच टायटर.

आता असे प्रमाण हवे की प्लाक एकमेकांना नेमके टेकतील आणि लॉनची फक्त बारीक जाळी उरेल. अशी प्लेट जाळीदार आंबोळीसारखी दिसते. ९० मिलिमीटर प्लेटचे क्षेत्रफळ सुमारे ६,३६० चौरस मिलिमीटर आणि २ मिलिमीटर प्लाकचे ३.१४, म्हणजे सुमारे २,००० प्लाक. वरच्या उदाहरणात ४ नंबरच्या नळीत मायक्रोलिटरला ६४ फाज आहेत, म्हणून ३१ मायक्रोलिटर लागतील. हिशेब अंदाजाचा आहे. म्हणून १५, ३१ आणि ६२ मायक्रोलिटर अशा तीन प्लेट लावा आणि जी जाळीदार येईल ते प्रमाण घेऊन सहा प्लेट करा. अगदी मोकळी झालेली प्लेट जास्त फाज देईल असे वाटते, पण तिथे यजमान लवकर संपल्याने फाज कमी बनतात.

प्रत्येक जाळीदार प्लेटवर ८ मिली फाज बफर ओता. रात्रभर ४ अंशांवर किंवा दोन-चार तास खोलीत ठेवा, प्लेट तिरपी करून द्रव गोळा करा, सेंट्रिफ्यूज करा आणि ०.२२ मधून गाळा. हे लायसेट. पुन्हा टायटर काढा. मिलीला ५०० कोटींच्या वर असेल तर पुढची सर्व कामे होतात. कमी असेल तर पुन्हा प्लेट लावा, कमी टायटरवर सूक्ष्मदर्शकाचे पैसे घालवू नका. लायसेट ४ अंशांवर महिनोन्महिने टिकते. काही भाग ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांवर ठेवा.

ओळख पटवणे

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी वेळ आधी घ्या. आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्रासारखी केंद्रे बाहेरच्या कॉलेजांचे नमुने शुल्क घेऊन करतात. कार्बन-फॉर्मव्हारच्या जाळीवर ५ ते १० मायक्रोलिटर लायसेट दोन-पाच मिनिटे ठेवतात, पाण्याच्या दोन थेंबांवर धुतात, १ टक्का युरॅनिल ॲसिटेटने रंगवतात आणि कागदाने टिपतात. न धुतलेले मीठ आणि अल्ब्युमिन काळे ढग बनून फाज झाकतात. म्हणून धुण्याची पायरी आग्रहाने करवून घ्या. मोजपट्टीसह निदान दहा कणांचे फोटो मागा आणि डोक्याचा व्यास व शेपटाची लांबी इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये मोजा. मायकोबॅक्टेरियावरच्या फाजांत बहुतेकांना लांब, लवचिक, न आकसणारी शेपटी असते, थोड्यांना आकसणारी. जुन्या पुस्तकांतली सायफोव्हिरिडी, मायोव्हिरिडी, पोडोव्हिरिडी ही कुळे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण समितीने २०२२ मध्ये रद्द केली. आता ती नावे फक्त आकाराचे वर्णन म्हणून वापरावीत. शेपटीचे सर्व फाज कॉडोव्हिरिसिटीज या वर्गात येतात.

गढूळ प्लाक असेल तर त्याच्या मध्यातले जिवाणू उचलून फाज नसलेल्या प्लेटवर तीनदा रेघाटा आणि सुट्या वसाहती वाढवा. त्यांच्या लॉनवर तोच फाज टाकला आणि प्लाक आले नाहीत, शिवाय त्यांच्या गाळलेल्या द्रवाने मूळ यजमानावर प्लाक दिले, तर फाज जिवाणूच्या आत राहतो हे सिद्ध झाले. यालाच लायसोजेनी म्हणतात. यातली एकच कसोटी पुरेशी नाही, कारण जिवाणू नुसता प्रतिरोधकही झालेला असू शकतो.

डीएनए काढताना क्रम चुकवू नका. आधी लायसेटमध्ये डीएनेज आणि आरएनेज घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा. बाहेर तरंगणारा यजमानाचा डीएनए संपतो, कवचातला सुरक्षित राहतो. मग ईडीटीएने डीएनेज बंद करा आणि त्यानंतरच प्रोटीनेज के व स्तंभाच्या किटने कवच फोडा. डीएनेज जिवंत असताना कवच फोडले तर जेलवर काहीच दिसत नाही. शुद्धता दाखवणारे २६०/२८० चे गुणोत्तर (त्या दोन तरंगलांबींवरचे शोषण) १.८ च्या आसपास हवे. अर्धा-अर्धा मायक्रोग्रॅम डीएनए बॅमएचवन, क्लावन, ईकोआरवन, हीथ्री आणि हिंडथ्री यांनी कापून ०.८ टक्के अगारोजवर चालवा. शेजारी लॅम्डा फाजाचा डीएनए (४८,५०२ बेस-जोड्या) त्याच विकरांनी कापून ठेवा. एखाद्या विकराने तुमचा डीएनए कापला नाही, तर दोष विकराचा की त्या डीएनएत जागाच नाही, हे त्याच्याकडे बघून कळते.

जनुकक्रमासाठी इल्युमिना ही पद्धत पुरते. ५० हजार जोड्यांच्या फाजाला शंभरपट खोली, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी शंभर वेळा वाचणे, म्हणजे फक्त ५० लाख जोड्या. कंपन्या त्याच्या कितीतरी पट माहिती देतात. सगळी एकदम स्पेड्स या तुकडे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली तर जुळणी उलट बिघडते. त्यातला शंभर-दोनशे पटींचा तुकडा घ्या. जुळलेल्या क्रमाची दोन्ही टोके तपासा, तिथेच चुका राहतात.

जनुके ओळखायला ग्लिमर, जीनमार्क किंवा फॅरोक्का वापरा, पण त्यांचे उत्तर अंतिम मानू नका. फाजाचा डीएनए दाटीवाटीने भरलेला असतो, म्हणून दोन जनुकांमध्ये मोठी रिकामी जागा दिसली की एखादे सुटले आहे असे समजून परत पाहा. सुरुवात एटीजीबरोबर जीटीजी आणि टीटीजीनेही होते. टीआरएनएसाठी ॲरागॉर्न चालवा. प्रथिनांची कामे ब्लास्ट या क्रम ताडून पाहणाऱ्या साधनाने कळली नाहीत तर एचएचप्रेड हे दुसरे साधन बघा, आणि तरीही कळली नाहीत तर 'अज्ञात' लिहा. एका फाजात निम्म्याहून जास्त जनुके अज्ञात असणे नेहमीचेच आहे. इंटिग्रेज (फाजाचा डीएनए जिवाणूच्या डीएनएत जोडणारे विकर) आणि दमनकारी प्रथिनाचे जनुक सापडले तर वरच्या लायसोजेनीच्या प्रयोगाशी ते ताडून पाहा. लायसिन बी हे मायकोबॅक्टेरियाचे मेणचट आवरण कापणारे विकर आहे, तेही बहुतेकदा मिळते.

एक पडताळणी विशेष सुंदर आहे. शेपटीच्या आतल्या टेप-मेझर प्रथिनाच्या लांबीवरून शेपटीची लांबी ठरते: एका अमिनो आम्लाला सुमारे ०.१५ नॅनोमीटर. प्रथिन १,००० अमिनो आम्लांचे असेल तर शेपटी १५० नॅनोमीटरच्या आसपास हवी. सूक्ष्मदर्शकात ३०० आली तर मोजपट्टी चुकली, नाही तर जनुक चुकीचे ओळखले, नाही तर नमुन्यांची अदलाबदल झाली.

नातेवाईक शोधायला फाजेस-डीबी हा खुला संग्रह आहे. तिथे निदान ३५ टक्के जनुके सामाईक असतील तर फाज एका गटात धरतात. कुठल्याच गटात न बसणाऱ्याला एकांडा म्हणतात.

नोंदणी आणि विल्हेवाट

वापरलेल्या प्लेट, टिप आणि उरलेली माती १२१ अंश, १५ पौंड दाबावर निदान अर्धा तास ऑटोक्लेव्ह करून मगच टाका. सायक्लोहेक्सिमाइड आणि युरॅनिल ॲसिटेट बेसिनमध्ये ओतायचे नाही, ते रासायनिक कचऱ्यात जाते. भारतातल्या मातीतला फाज परदेशी प्रयोगशाळेला पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे अर्ज करा.

नाव ठेवण्याआधी जेनबँक या जनुकक्रमांच्या खुल्या संग्रहात आणि फाजेस-डीबीमध्ये ते दुसऱ्या फाजाला दिलेले नाही ना, हे पाहा. गावाचे किंवा नदीचे नाव देता येते, जिवंत माणसाचे टाळा. क्रमासोबत यजमानाचा वाण, अक्षांश-रेखांश, तारीख आणि मातीचा प्रकार भरा. लायसेटच्या तीन नळ्या वेगवेगळ्या फ्रीजमध्ये ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक नळीवर फाजाचे नाव, टायटर आणि टायटर काढल्याची तारीख लिहा, आणि दर सहा महिन्यांनी टायटर पुन्हा काढून नवी तारीख टाका.